आम्ही दोघंच भावंडं

कळंब
९ जानेवारी २०२५

ती. शांतम्मा अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिलाय. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत आणि मनही नाही. फोन सोडून पत्र का लिहितोय, ते तुला माहीत आहे. तुझ्या माकणीच्या घरात फोन स्पीकरवर टाकून सगळ्या ओसरीनं ऐकायची पद्धत आहे. मी सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत धरणाच्या कट्ट्यावरच्या रिकामटेकड्यांना पाठ झालेलं असतं. पत्र निदान तू एकटी वाचशील. चष्म्याची काडी मोडलीय म्हणे. दोरा बांध आणि वाच.

तुझ्या चिरंजिवांनी, म्हणजे माझ्या जावईबापूंनी, म्हणजे गुंडाप्पानं, महिन्यापूर्वी माझ्या प्रीतीला आणि आठ वर्षांच्या नीलूला कळंबच्या स्टँडवर उतरवलं. स्टँडपासून माझं घर दहा मिनिटांवर आहे, तेवढंही यायची छाती झाली नाही. एक पिशवी आणि एक पत्र्याची बादली खाली ठेवून पठ्ठ्या त्याच एस.टी.नं परत गेला. बादली कशाला, ते मला अजून उमगलेलं नाही. माझ्या घरात बादल्या आहेत.

आणि कारण काय, तर नीलू पोटात असताना प्रीतीनं ग्रहणात वांगी चिरली! अक्का, पस्तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं. वाटलं होतं, त्यातलं थोडंफार माझ्या सख्ख्या बहिणीपर्यंत झिरपलं असेल. चूक माझीच. वांगी चिरल्यानं पोरीच्या पायांच्या काठ्या होत नाहीत. त्यानं ती चवड्यांवर चालायला लागत नाही, आणि दुधाचा पेला धरताना तिचा हात थरथरायला लागत नाही. तसं असतं तर आठवडी बाजारातल्या निम्म्या बायकांची लेकरं रांगत शाळेत गेली असती.

मी तिला सोलापूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासणीला गेलंय. गुंडाप्पाचंही रक्त हवं होतं, पण त्याला म्हणे सुईची भीती वाटते. बायको टाकताना भीती वाटली नाही का त्याला? आपण दोघंच भावंडं, तिसरं कोणी नाही, म्हणून आजवर तुझं सगळं पोटात घातलं. आता पोटात जागा नाही.

जेवढा लोभ उरलाय तेवढा पाठवतोय. पुरवून वापर.

तुझा भाऊ,
महांतप्पा


माकणी
२० जानेवारी

चि. महांतप्पा मास्तर यास,
अनेक आशीर्वाद. घ्यायचे तर घे, न्हायतर ठिव तसंच.

पत्र मिळालं. दोरा बांधूनच वाचलं. अक्षर चांगलं हाय, बाकी काय चांगलं दिसलं न्हाय.

ती बादली नीलूची हाय. पोरीला उभं ऱ्हाऊन आंघोळ जमत न्हाय. बादली पालथी घालून तिच्यावर बसती. तळ रुंद हाय, हालत न्हाय. तुझ्या प्लास्टिकच्या बादल्यांवर बसली तर फुटतील आन पोरगी पडंल. एवढी बुकं वाचलीस, एवढं बघून कळलं न्हाय व्हय रे तुला?

आता खोट कुणाची त्ये ऐक. माझा मालक पैलवान गडी, लोहाऱ्याच्या कुस्त्या मारलेला. आपल्या जेवळीच्या घरात तर विचारायचंच न्हाय. आपण दोघंच भावंडं, दोघांचे बी पाय आज बी खणखणीत. मग ऱ्हायली कोण? तुझी लातूरवाली. तिच्या म्हायेरची चौकशी न करता तू भाळलास, केस इंचरून, अत्तर लावून फिरत व्हतास तवा. ती गेली बिचारी, मेलेल्या मानसाला बोलू नये, पर रगात तिचंच. तिचं प्रीतीत आलं आन प्रीतीचं नीलूत.

म्हून म्या ठरवलंय. माझ्या थोरल्या लेकीची शिवलीला बावीस वर्साची झालीय. गुंडाप्पाला तीच करायची. मामानं भाचीला करायचं, ह्यात नवीन काय? आपले अप्पा आन अव्वा बी मामा-भाचीच व्हते. घरातली पोरगी, मूळ ठावं, बाहेरची भेसळ न्हाय. एप्रिलात सुपारी फोडू, त्याच्या आदी पंच बसवून प्रीतीची काडीमोड करून घिऊ. तिला नांदवायची न्हाय.

नीलूला भाकरी दुधात कुस्करून द्या. कोरडी दिली की घशात अडकती.

माया हाय, पर तुझ्या जिभंला पुरंल एवढी न्हाय.

तुझी अक्का,
शांतम्मा


कळंब
४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. साष्टांगातलं कृतानेक या वेळी गाळलंय, हे तुझ्या लक्षात यावं.

नीलूचा रिपोर्ट आला. तुला कळेल अशा भाषेत सांगतो, म्हणजे बालवाडीच्या. आपल्या शरीरात अब्जावधी बारीक पेशी असतात. पायाला हुकूम देणाऱ्या पेशी हातभर लांब असतात. त्यांच्या एका टोकाला माल तयार होतो आणि तो दुसऱ्या टोकाला पोचवावा लागतो. कळंबच्या मोंढ्यात हमाल पोतं पाठीवर घेऊन या टोकाचं त्या टोकाला नेतात, तसे या पेशीतही हमाल असतात, प्रथिनाचे. ते खरोखर एकेक पाऊल टाकत चालतात म्हणे. हा हमाल कसा घडवायचा, ते ज्या जनुकात लिहिलंय त्याचं नाव केआयएफ-वन-सी. नीलूच्या जनुकात बिघाड आहे. हमाल धड घडत नाही, माल टोकाला पोचत नाही, आणि पाय ताठरतात. ग्रहण नाही, वांगं नाही. कळलं?

आता पुढचं नीट वाच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक चांगली असेल तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला पत्ताही लागत नाही. नीलूच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. म्हणजे एक प्रीतीनं दिली आणि एक तुझ्या सुईला घाबरणाऱ्या चिरंजिवानं. काडीमोड करायची असेल तर गुंडाप्पालाही गुंडाप्पापासून काडीमोड दे.

त्याच्यात ती कुठून आली, तेही उघड आहे. तुझा पैलवान! दंडाच्या बेटकुळ्या दाखवल्या म्हणजे जनुकं शुद्ध होत नाहीत. प्रीतीतली माझ्या सासरची असेल, तेवढं मी मान्य करतो. मी तुझ्यासारखा हट्टी नाही.

डॉक्टरांनी घराण्याचा तक्ता काढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आपल्या पिढीत एक चौकोन मी आणि एक वर्तुळ तू. आणखी भावंडं आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघंच. त्यांना आपल्या दोघांचं रक्त हवंय. मी देऊन आलो. तूही लोहाऱ्याला जाऊन दे, म्हणजे जेवळीचं घर स्वच्छ आहे, हे एकदाचं कागदावर येईल. शिवलीलेचं लग्न तोवर थांबव. तेवढी अक्कल वापरायला पदवी लागत नाही.

लोभ मागत नाही. रक्त दे.

महांतप्पा


माकणी
१६ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद, एकच.

तुझ्या मोंढ्यातले हमाल तुझ्यापाशीच ठिव. माझ्या पोटात हमाल न्हायत आन मी कुणाला रगात द्यायची न्हाय. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईच्या दंडात सुई खुपसून कुणाचं भलं झालंय? उद्या सोलापूरवाला म्हनंल किडनी द्या, तर देऊ?

माझ्या मालकाचं नाव त्या कागदात घातलंस तर याद राख. जित्तेपणी तू त्यांच्यापुढं मान वर करत न्हवतास, आता मेल्यावर बेटकुळ्या मोजतोस. लाज वाटती का?

वीस एप्रिलला सुपारी हाय. शिवलीला तयार हाय का म्हून इचारशील. तिला कोन इचारतंय? मला बी कुणी इचारलं न्हवतं. तुला आमंत्रण न्हाय.

नीलू पडती का अजून? आमच्या उंबऱ्याला तिचा पाय अडकायचा, म्हून गुंडाप्पानं उंबऱ्याची लाकडी पट्टी तासली व्हती. आता पट्टी तासलेली हाय आन पोरगी न्हाय. मी उगंच तिथं पाय उचलून टाकते.

ऱ्हा खुशाल.

शांतम्मा


कळंब
५ एप्रिल

ती. सासूबाई म्हणू की आत्या, ते ठरत नाही, म्हणून नुसतंच,
आत्यांना, शि. सा. न.

मी प्रीती. तुम्ही दोघं एकमेकांना जी पत्रं लिहिता, ती मी वाचलीत. विचारून नाही वाचली. मलाही कोणी विचारून काही केलेलं नाही.

परवा बाबांच्या खणात पाकीट सापडलं. त्यांचा रिपोर्ट. बारा दिवसांपूर्वी आलेला, फोडलेला, आणि जुन्या पंचांगाखाली दडवलेला. पेपरातलं कोडं अडलं तरी शेजाऱ्यांना ओरडून विचारणारा माणूस बारा दिवस गप्प होता. आत्या, बिघाड बाबांमध्ये आहे. माझ्या आईचा, जिला तुम्ही लातूरवाली म्हणता, काही संबंध नाही. मेलेल्या बाईवर ढकलणं सोपं होतं, तुम्हालाही आणि तिच्या नवऱ्यालाही.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की नीलूतल्या दोन्ही प्रती हुबेहूब सारख्या आहेत. अशा दोन प्रती दोन परक्या घरांतून सहसा येत नाहीत. एकाच घरातून दोन वाटांनी येतात. एक वाट बाबांकडून माझ्यापर्यंत. दुसरी तुमच्याकडून तुमच्या मुलापर्यंत. तुमच्या पैलवानांची बदनामी थांबवायला हरकत नाही आता. दहावीच्या फळ्यावर वाटाण्याचे दाणे काढून आनुवंशिकता शिकवणाऱ्या माणसानं मला सख्ख्या आत्याच्या घरात दिलं. का, तर आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क असतो. आणि तुम्ही तो हक्क परात भरून साखर वाटून घेतलात. दोघांनाही शाबासकी.

डॉक्टरांनी बाबांना पुन्हा विचारलं होतं की मागच्या पिढीत कोणी असं चवड्यांवर चालायचं का. मी तिथंच होते. बाबा उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले की छे, कोणी नाही. म्हणताना त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं नाही. ते खोटं बोलत होते, पण कशाबद्दल, ते मला माहीत नाही. तुम्हाला असेल.

मला परत नांदायला ये म्हणू नका. इथं बालवाडीत काम लागलंय. पण शिवलीला मला ताई म्हणते. मामा-भाचीत तर वाट आणखी जवळची. तिचं रक्त तपासल्याशिवाय तिला त्या पाटावर बसवलंत, तर दुसरी नीलू जन्मेल आणि दोष तुम्ही पुन्हा कोणाच्या तरी वांग्यांना द्याल. तुमच्याकडून मला एवढीच अपेक्षा आहे, फार खालची.

बादली उपयोगी पडते. तेवढ्यापुरते आभार.

प्रीती


माकणी
२१ एप्रिल

चि. महांतप्पास,
पोट भरून आशीर्वाद.

काल सुपारी व्हती. मोडली. कशी मोडली त्ये सांगते.

सकाळी थोरली लेक मला म्हनली की भिंतीवरचा नीलूचा फोटू काढून ठिवा, पाव्हणे उगं इचारत बसतील. म्या काढला. पदरात झाकला आन मागच्या कडब्याच्या खोलीत ठिवायला गेले. दार लावलं, कडी घातली. आन कडीचा आवाज झाला तशी म्या ती काढून पुन्हा घातली रे. त्यो आवाज म्या ऐकला व्हता. जेवळीला.

तू इसरलास म्हनतोस? डाक्तरला सांगितलंस दोघंच. मला बी तसंच पाठ झालं व्हतं. मला बघायला माकणीवाले आले त्या दिवशी अप्पांनी आपल्या बानूला कडब्याच्या खोलीत कोंडली. बोलू ने म्हून तोंडात लाडू दिला. पंधरा वर्साची पोर, मधली, माझ्याहून धाकटी आन तुझ्याहून थोरली. पाय ताठलेले, भिंत धरून चालायची. पाव्हण्यांनी इचारलं लेकरं किती, तर अप्पा म्हनले, दोनच. म्या चहाचा ट्रे घिऊन उभी व्हते. ऐकलं आन खाली बघितलं. लगीन मोडू ने म्हून. तवापासून आपण दोघंच भावंडं. चार वर्सांनी ती तापानं गेली, तवा माझ्या सासरी मी रडले बी न्हाय, कोन मेलं म्हून सांगायचं?

आन तू. तू गल्लीतल्या पोरांपुढं तिची चाल करून दाखवायचास. चवड्यावर, गुडघे एकमेकाला आपटत, एक हात थरथरवत. समदी पोरं हसून लोळायची. म्या बी हसायची. बानू बी हसायची, कारन न हसून करती काय? मास्तर, तुझ्यासारखा हलकट मी बघितला न्हाय. आन माझ्यासारखी बी.

म्या फोटू घिऊन भायेर आले आन पाव्हण्यांपुढं, पंचांपुढं समदं सांगितलं. आमी तीन भावंडं व्हतो म्हनलं. खोट पैलवानाची न्हाय, लातूरवालीची न्हाय, प्रीतीची तर न्हायच न्हाय, आमच्या घरची हाय, मामानं भाची करून करून जपलेली. लेक माझ्यावर ओरडली. शिवलीलानं पाटावरून उठून माझे पाय धरले, तवा कळलं तिला किती नको व्हतं. गुंडाप्पा कोपऱ्यात खाली मान घालून बसलावता. त्याला म्हनलं, तुझ्या बायकोचं पाय धरायला जा, आन ती न्हाय म्हनली तर मुकाट माघारी ये. त्यो पोरीला बघायला येईल. दारात उभा करा, पानी द्या, पुढचं प्रीती ठरवंल. तिला सांग, आत्यानं तुझं रगात बिनदोषी म्हनलं, चारचौघांत म्हनलं.

आज लोहाऱ्याला जाऊन रगात दिऊन आले. दुखत न्हाय. गुंडाप्पाला बी नेलं, त्यो घेरी यिऊन पडला.

आता तुझं काम. त्या कागदावर बानूला घाल.

तुझी अक्का, आन तिची बी,
शांतम्मा


कळंब
४ मे

ती. अक्कास,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी एकही शब्द गाळलेला नाही.

तुझं पत्र आलं, त्यानंतर चार दिवस मी प्रीतीशी नजर मिळवली नाही. मग तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला गेली. गुंडाप्पा गेल्या रविवारी येऊन गेला. दारातच उभा राहिला. प्रीतीनं पाणी दिलं. नीलूनं त्याला आत ओढलं, पण प्रीती म्हणाली की अजून नाही. तो पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. यायला पाहिजेच.

काल सोलापूरला गेलो. प्रीती आणि नीलू बरोबर होत्या. तक्ता पुढं ओढून मी डॉक्टरांना सांगितलं की मी खोटं बोललो होतो, आम्ही तीन. त्यांनी तुझ्या आणि माझ्यामध्ये एक वर्तुळ काढलं. आजारी म्हणून ते काळं भरलं, आणि ती हयात नाही म्हणून वरून एक तिरकी रेघ मारली. नाव विचारलं. बानूबाई म्हणालो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते नाव तोंडातून काढलं. जीभ अडखळली. सगळ्यांना अक्कल शिकवणारी जीभ, तुला माहीतच आहे.

मग त्यांनी विचारलं की त्या नेमक्या कशा चालायच्या, सांगता येईल का. मी सांगायला लागलो, पण मला शब्द सापडेनात. विज्ञानाच्या तासाला पोरांना निरीक्षणाचं वर्णन करायला लावणारा मी. शेवटी खुर्चीवरून उठलो. चपला काढल्या. चवड्यांवर उभा राहिलो, गुडघे जवळ आणले, डावा हात थरथरवला, आणि त्या दवाखान्याच्या फरशीवर दारापर्यंत बानूची चाल चालून दाखवली. अक्का, साठ वर्षं झाली, पण एक पाऊलही विसरलो नव्हतो. किती मन लावून शिकलो होतो बघ.

कोणी हसलं नाही. डॉक्टर लिहीत होते. प्रीतीनं तोंड फिरवलं. नीलू बाकावरून उठली, भिंत धरून माझ्यापाशी आली आणि तिनं मला सांगितलं की आजोबा, टाच अजून जरा वर पाहिजे, आणि भिंतीला हात लावा, नाहीतर पडाल.

मी हात लावला. तू ये. नीलू तुझी वाट बघते आणि मीही.

तुम्हा दोघींचा धाकटा भाऊ,
महांतप्पा